पाण्याला वाट

"हा रस्ता इथं संपतो?" शालिनीकाकूंनी माझ्या नकाशावर बोट ठेवून विचारलं.

"हो. इथं एक बाक टाकायचा. समोर सगळी दरी दिसते."

"आणि मग?"

"मग काय, परत फिरायचं, काकू."

त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली. बाकापासून एक रेघ ओढली, ती वळवत वळवत वर आणली आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी सोडली. "संपवू नकोस. माझ्या बागेत कुठलाच रस्ता संपता कामा नये. कुठूनही निघालं तरी माणूस ह्या दाराशी आला पाहिजे."

मी मान डोलावली, पण मनातून चिडले. अठ्ठ्याण्णव सालचा फेब्रुवारी होता तो. मी सव्वीस वर्षांची होते. पुण्यात बागरचनेचा अभ्यासक्रम करून, दोन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली कुंड्या मोजून, पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर काम घेतलं होतं. साताऱ्याजवळ मेढ्याच्या वरच्या अंगाला काकूंचं, म्हणजे साबण्यांचं, घर होतं. पुढून बैठं, साधं. पण मागचं दार उघडलं की जमीन एकदम खाली उतरायची, थेट ओढ्यापर्यंत. घाणेरीची झुडपं, सुटे दगड, घसरडी लाल माती. त्या उताराची बाग करायची होती.

माझा बेत देखणा होता. मधोमध एकच उंच दगडी भिंत, तिच्यावर हिरवळ, खाली फळझाडं आणि मधून सरळ उतरणाऱ्या रुंद पायऱ्या. एका परदेशी मासिकातलं चित्र मी वर्षभर जपून ठेवलं होतं. काकूंनी त्यातलं काही म्हणजे काही ठेवलं नाही.

"पायऱ्या नकोत. चढ-उतार असा हवा की चालताना कळता कामा नये. उंच भिंत नको. तिच्याऐवजी तीन-चार बुटक्या घाल. मी ओट्यापाशी उभी राहिले की खालच्या माणसाचं डोकं मला दिसलं पाहिजे. काटेरी काही नको. कण्हेर तर मुळीच नको, तिचं फूलसुद्धा विषारी. आणि प्रत्येक वळणावर वेगळ्या वासाचं झाड लाव."

"वेगळ्या वासाचं?"

"हो. एका वळणावर गवती चहा, एका वळणावर मोगरा, असं."

काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होत्या. त्यांचा आवाज असा होता की त्यांनी काही सांगितलं की ऐकलंच जायचं. मी नकाशा गुंडाळला.

तेवढ्यात आतून एक उंच गृहस्थ आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नीट भांग, पायात पॉलिश केलेले बूट. ते साबणे साहेब, काकूंचे यजमान. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"आपण कुठल्या?"

"कराडची."

"वा! कराडात कुठं?"

"शनिवार पेठेत."

"छान, छान," म्हणाले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. चहा येईपर्यंत पुन्हा माझ्याकडे वळले. "आपण कुठल्या?"

मी पुन्हा कराड सांगितलं, पुन्हा शनिवार पेठ सांगितली. माझे आजोबाही शेवटी शेवटी असंच करत, त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटलं नाही. काकू मात्र कपात चहा ओतता ओतता थांबल्या होत्या.

मार्चमध्ये काम सुरू झालं. गवंडी होता हणमंत, तिथलाच, पन्नाशीचा, बोलायला कमी. उतारावर माती धरून ठेवायला दगडाची जी भिंत रचतात तिला आमच्या भागात ताल म्हणतात. हणमंताच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ताली घालण्याचंच काम. त्यानं पहिल्याच दिवशी मला विचारलं, "सिमेट कशाला, ताई? आमी सुकीच रचतो. दगडाला दगड बसतो."

"ते शेतात ठीक आहे," मी म्हणाले. "ही घराची बाग आहे. भिंत गुळगुळीत, स्वच्छ दिसली पाहिजे."

हणमंत घमेलं उचलून चालू लागला.

मी तेव्हा साताऱ्यात राहत होते, आठवड्यातून तीन दिवस तिथून एसटीनं येत असे. एका दुपारी आले तर काकू अनवाणी, उतारावर निम्म्यात, साडीचा काचा मारून उभ्या. "हे दिसत नाहीत," एवढंच म्हणाल्या. त्यांचा तो ऐकला जाणारा आवाज पार गेला होता.

हणमंत खाली धावला, मी त्याच्यामागं. साबणे साहेब ओढ्यात सापडले. मार्चचं पाणी, जेमतेम घोट्याएवढं. त्यात ते मांडी घालून बसले होते. एक बूट नव्हता, गुडघा सोलवटला होता. मला बघताच हात जोडून म्हणाले, "आपण कुठल्या?"

"कराडची," मी म्हणाले. "शनिवार पेठेतली. चला, वर जाऊ या?"

"चला की."

हणमंतानं त्यांना पाठंगुळीला घेतलं. घरी आल्यावर काकूंनी गुडघा धुतला, औषध लावलं, कोरडे कपडे घातले, पुन्हा भांग पाडून दिला. ते झोपल्यावर आम्ही दोघी मागच्या दारात बसलो.

"तीन वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "आधी किल्ल्या विसरायचे. मग माणसं. गेल्या दिवाळीपासून मला ओळखत नाहीत. मी कोणीतरी घरातली कामाची बाई आहे असं वाटतं त्यांना. चांगले वागतात, तसं काही नाही. स्वैपाक छान झालाय म्हणतात."

मी त्यांच्याजवळ सरकले.

"डॉक्टर म्हणाले, दारं लावून ठेवा. लावली. तर दिवसभर दार बडवत बसले. हात सुजले, असे. त्यांना चालायला लागतं गं. बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, घाटातले रस्ते केलेत. पायी फिरूनच आयुष्य गेलं. आता घरात किती फिरणार? म्हणून म्हटलं, असं काहीतरी करावं की दार उघडं टाकता येईल. चालू देत हवं तेवढं. चालत चालत परत माझ्याकडेच यावेत."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुझ्या आधी दोघे येऊन गेले. त्यांना सांगितलं. त्या दिवसापासून ते ह्यांच्याकडे बघेनातच. ह्यांच्यादेखत मलाच विचारायचे, हे पडतात का, हे खातात का. तू मात्र प्रत्येक वेळी कराड सांगितलंस." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "निरंजन, माझा मुलगा, त्यानं पुण्यात एका ठिकाणी जागा बघून ठेवलीय. अशा लोकांची संस्था आहे. त्याचंही चूक नाही. मी पडले तर ह्यांना कोण बघणार? मे महिन्याच्या पहिल्या रविवारी येतोय तो न्यायला. म्हटलंय त्याला, आधी बाग बघ, मग बोल."

त्या दिवशी एसटीत बसल्यावर मी मासिकातलं ते चित्र पिशवीतून काढलं आणि सीटवर तसंच ठेवून उतरले.

मग मी काकूंच्या मनासारखा नकाशा नव्यानं काढला. चार टप्पे. वरच्या तीन भिंती मांडीएवढ्या. चौथी, ओढ्याकडची, मात्र छातीएवढी ठेवणं भाग होतं, तिथं उतारच तसा होता. चारी टप्प्यांवरून नागमोडी खाली जाणारी आणि दुसऱ्या बाजूनं तशीच वर येणारी वाट. दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी रुंद. पहिल्या टप्प्यावर मेथी-कोथिंबीर, दुसऱ्यावर मोगरा आणि मरवा, तिसऱ्यावर गवती चहा, खाली सोनचाफा आणि दोन पेरू.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात खालची भिंत उभी राहिली. सिमेंटानं सांधे असे भरले होते की सुईसुद्धा शिरली नसती. मला तिचा फार अभिमान होता. साबणे साहेब त्या दिवशी काकूंचा हात धरून खाली आले. भिंतीसमोर थांबले. तिच्यावर तळहात टेकला, दुसऱ्या जागी टेकला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाणी?"

मी हणमंताच्या कळशीतलं पाणी पेल्यात दिलं. ते त्यांनी सगळं प्यायलं. "आभारी आहे."

दहा मिनिटांनी पुन्हा, "पाणी?"

पुन्हा दिलं. त्या दिवशी ते पाच पेले प्यायले. दुसऱ्या दिवशी तेच. बिचारे नाही म्हणत नव्हते. दिलं की घेत, पण पिताना चेहरा कसनुसा होई, आपलं काहीतरी चुकतंय असा. काकू घाबरल्या. "एवढी तहान बरी नव्हे. साखर तपासायला हवी."

"सोमवारी साताऱ्याला नेऊ," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मी पेला पुढं केला तेव्हा त्यांनी तो तोंडाला लावला नाही. पेला हातात धरून, एकटेच, वाटेनं चढून भिंतीच्या वरच्या टप्प्यावर गेले. काकू उठायला लागल्या. मी त्यांना खुणेनं थांबवलं. साहेबांनी वाकून पेला भिंतीच्या कडेला मातीत ओतला. नंतर दुसऱ्या बाजूच्या वाटेनं हळूहळू उतरून खाली आले, भिंतीच्या पायथ्याशी उकिडवे बसले आणि दगडांकडे बघत राहिले.

बराच वेळ बघत राहिले.

मग माझ्याकडे मान वळवून म्हणाले, "बाई, पाणी गेलं कुठं?"

हणमंताच्या हातातली थापी थांबली. "च्यायला," तो हळूच म्हणाला.

मला अजून कळलं नव्हतं. साहेबांच्या ओठांची हालचाल चालू होती. शब्द शोधत होते. भिंतीवर बोट टेकवत होते, इथं, इथं, इथं, सारख्या अंतरावर. "वि... वि..." कपाळाची शीर तटतटली. काकू त्यांच्याशेजारी मातीत बसल्या, पण शब्द सुचवायला गेल्या नाहीत. 

"विप होल!" ते ओरडले. "विप होल कुठायत?"

आणि मला कळलं. भिंतीमागं पावसाचं पाणी साठतं. ते निघून जायला भिंतीत भोकं ठेवायची असतात. झाडांचं सगळं शिकलेली मी, मासिकातल्या चित्रावरून भिंत काढली होती. चित्रात भोकं नव्हती. मेढ्याचा पाऊस, वर चार टप्प्यांची भिजलेली माती, आणि खाली सिमेंटानं गच्च बुजवलेली छातीएवढी भिंत. जुलैत ती कधीतरी ओढ्यात गेली असती. आणि दार तर आम्ही उघडं टाकणार होतो.

"हणमंत, तुम्हाला माहीत होतं?"

"सुक्या तालीतनं पानी आपसूक जातं, ताई. भोकं पाडायची वेळच येत न्हाई. सिमेटाचं मला काय ठावं? तुमी शिकलेल्या."

साबणे साहेब उभे राहिले होते. गुडघ्यावरची माती झटकून त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. आवाज बदलला होता. "इथं इंजिनिअर कोण आहे?"

"मी," मी म्हणाले.

"ही भिंत पोट काढणार. पहिल्या पावसाळ्यात. फोडायची."

"सगळी, साहेब?"

"भोकापुरती. उद्या आठ वाजता. उशीर चालणार नाही."

मी काकूंकडे पाहिलं. त्या मातीत तशाच बसल्या होत्या, हात मांडीत, डोळे त्यांच्यावर. "आठ म्हणजे आठ हं," मला म्हणाल्या. "कामावर उशीर झालेला ह्यांना कधीच खपला नाही."

त्या रात्री मी साताऱ्याला गेले नाही, काकूंकडेच राहिले. सकाळी आठाला पाच मिनिटं कमी असताना साहेब बूट घालून दारात उभे. आपण काल काय बोललो ते त्यांना आठवत होतं का? नसावं. वाटेनं खाली गेले, भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाले, "पाणी?" पण आता आम्हाला ते कळत होतं.

पुढच्या आठवडाभरात आम्ही ती भिंत फोडून सात ठिकाणी चार इंची पाइप बसवले. साहेबांना वाक्यं पुरी करता येत नव्हती. हात मात्र चुकत नव्हते. पाइपाला बाहेरच्या बाजूला उतार किती द्यायचा ते तळहात तिरका धरून दाखवत. हणमंतानं पाइपाच्या मागं माती लोटली तेव्हा ते इतके संतापले की त्यांनी ती दोन्ही हातांनी उकरून काढली. "खडी! मोठी खडी आधी!" हणमंत आधी दबकत होता, नंतर त्यालाच मजा वाटायला लागली. "सायेब, ह्यो बगा, जमतंय का?" प्रत्येक पाइपाला विचारायचा. दिवसातून चार वेळा साहेब मला "आपण कुठल्या?" विचारत आणि लगेच, त्याच श्वासात, खडी कमी पडलीय म्हणून झापत.

शेवटचा पाइप बसत होता त्या रविवारी निरंजन आला. चाळिशीचा, थकलेला, गाडीतून उतरून सरळ खाली आलेला. आल्या आल्या त्याला दिसलं ते हे: बाप चिखलानं माखलेला, बाह्या दुमडलेल्या, गवंड्यावर ओरडतोय.

"बाबा!"

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. ओळख नव्हती. "कामाच्या वेळी भेटायला येऊ नका. पाचनंतर या."

 मला वाटलं निरंजन आता चिडेल, बापाला धरून वर नेईल. त्यानं बूट काढले, मोजे काढले, आणि दुसऱ्या टप्प्याच्या भिंतीवर उन्हात जाऊन बसला. काकूंनी जेवायला हाक मारली तरी उठला नाही. दुपारभर बसून बाप काम करताना बघत राहिला. मी एकदा त्याला ताक नेऊन दिलं तेव्हा म्हणाला, "मी लहान असताना असेच म्हणायचे. साइटवर डबा घेऊन गेलो की. पाचनंतर ये."

पाच वाजता तो उठून भिंतीपाशी गेला. "साहेब, पाच वाजले."

साहेबांना काहीच आठवत नव्हतं. पण कोणीतरी भेटायला आलंय, एवढं कळलं. त्यांनी हात पुसले आणि जोडले. "बसा. चहा घेणार ना?"

संध्याकाळी मी नकाशे आवरत होते. आत मायलेकरांचं बोलणं चाललं होतं, ते मला ऐकू येत होतं.

"ती जागा रिकामी ठेवत नाहीत, आई. उद्या कळवायला लागेल."

"मग नाही म्हणून कळव."

"तू पडलीस तर?"

"पडले तर पडले. एक पावसाळा दे मला, निरंजन. भिंत टिकली तर आम्ही राहतो. नाही टिकली तर तू म्हणशील तिकडे दोघं येतो."

 मग आतून भांड्यांचा आवाज आला. निरंजन ताटं घेत होता.

सकाळी तो एकटाच पुण्याला गेला.

त्या जुलैत मेढ्यात चार दिवस सूर्य दिसला नाही. मी साताऱ्यात जीव मुठीत धरून बसले होते. पाचव्या दिवशी काकूंचा फोन आला. "ऐक," म्हणाल्या आणि मागच्या दाराकडे रिसीव्हर धरला. नुसता धो धो आवाज. "सातही भोकांतनं येतंय गं. गढूळ, भरभरून. हे छत्री घेऊन बघत उभे आहेत. एकेक मोजतात नि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात."

साहेब त्या घरात आणखी चार वर्षं राहिले आणि त्या घरातच गेले. शेवटचे काही महिने सोडले तर रोज चालायचे. पडले दोनदा, लागलं नाही. त्यांच्यानंतर दोन वर्षांनी काकू निरंजनकडे गेल्या. घर आता दुसऱ्यांचं आहे. मी त्यानंतर डोंगरउतारावरच्या पुष्कळ बागा केल्या. भिंत काढायला घेतली की आधी भोकं काढते, भिंत नंतर.

आजही आठवते ती अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्याची अखेरची संध्याकाळ, काम पुरं झालं तेव्हाची. हणमंत हत्यारं धुऊन गेला होता. सोनचाफ्याची रोपं वीतभर, मोगऱ्याला एक कळी. मी पिशवी खांद्याला लावून निघण्याच्या बेतात दाराशी उभी होते. साहेब वाटेनं एक फेरी मारून वर आले होते, धाप लागलेली, पण खूश. दारात काकू उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघून ते थांबले, शर्ट नीट केला.

"बाई, आपण हा नवा रस्ता पाहिलात?"

तीन महिने त्या रस्त्याच्या प्रत्येक वळणाशी उभं राहून भांडलेल्या काकू म्हणाल्या, "नाही हो. अजून नाही पाहिला."

"मग चला ना. मी दाखवतो."

त्यांनी कोपर पुढं केलं. काकूंनी हात त्यात घातला. तीन वर्षं काकूच त्यांना धरून चालवत होत्या, सतत पुढं बघत, दगड बघत, पायरी बघत. आता त्या त्यांच्या बाजूला नुसत्या चालू लागल्या. साहेब सांगत होते, काहीतरी अर्धवट, इथं मुरूम, इथं खडी. काकू मान हलवत होत्या.

पहिल्या वळणावर साहेब थबकले. "सांभाळून हं. इथं खड्डा आहे. पाऊल जरा उचलून टाका."

मी वरून बघत होते. वाट सपाट होती, मीच ती चोपून घेतली होती. खड्डा कुठंही नव्हता.

काकूंनी एका हातानं साडीच्या निऱ्या उचलल्या, दुसऱ्या हातानं त्यांचं कोपर घट्ट धरलं, आणि पाऊल चांगलं उंच उचलून पलीकडे टाकलं.